विज्ञान सहल : प्रयोग तर फुकट मिळतात, मग शाळा तुम्हाला पैसे कशाचे देणार?



शाळांसाठी विज्ञान कार्यशाळा या विषयावरच्या व्हिडिओत हिशेब दाखवायला जागाच उरली नाही. म्हणून तो भाग इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, पुढे आकडे आहेत.

आधी धंदा कोणता ते नीट समजून घेऊ. एखाद्या शाळेची सहावी-सातवी-आठवीची ७०-८० मुलं चार-पाच शिक्षकांबरोबर सकाळी बसने तुमच्याकडे येतात. तुमची जागा म्हणजे शेतावरची शेड असेल, स्वतःचा क्लास असेल किंवा लग्नाची तिथी नसलेल्या दिवशी रिकामं पडलेलं मंगल कार्यालय असेल. मुलं दिवसभर स्वतःच्या हाताने विज्ञानाच्या वस्तू बनवतात, त्या चालवून बघतात, आणि संध्याकाळी बनवलेली वस्तू घेऊन घरी जातात. किल्ला, देवदर्शन आणि वॉटर पार्क या नेहमीच्या सहलींशेजारी आता शाळा या पर्यायाचाही विचार करतात. त्याला कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असं म्हटलंय, आणि आपल्या राज्यात २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' आलाय. त्या दिवशी मुलांकडून करून काय घ्यायचं, हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहेच. तुम्ही त्याचं उत्तर घेऊन जाणार आहात.

आता अडचणीचा मुद्दा. तुम्ही जे प्रयोग दाखवणार, ते सगळे फुकट मिळतात.

अरविंद गुप्ता हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे १९७२ पासून सरकारी शाळांमध्ये करून शिकण्याचा विज्ञान कार्यक्रम चालू होता. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरं बनवण्याचा खेळ तयार केला. पुढे टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी झाली. पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं शाळांच्या मुलांकडून ही खेळणी करून घेतली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे सगळं त्यांनी वेबसाइटवर मोफत टाकलंय, मराठीतसुद्धा.

म्हणजे 'माझ्याकडे खास प्रयोग आहेत' असं सांगून तुम्ही शाळेकडून पैसे मागू शकत नाही. विज्ञानाचे सर म्हणतील, हे तर मोबाइलवर आहे. भावाच्या बाबतीतही तुम्ही मोठ्यांशी भिडू नका. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून उभं आहे, सरकारी आहे. त्यांच्याएवढी जागा आणि त्यांच्याएवढं कमी तिकीट तुम्हाला या जन्मात परवडणार नाही.

मग विकायचं काय?

शाळेत प्रयोग कसा होतो ते आठवा. एक टेबल, एक बाई, आणि भोवती चाळीस मुलं. पुढच्या सात-आठ जणांना दिसतं. त्यातल्या दोघांना हात लावायला मिळतो, तेही बहुतेक वेळा ज्यांचा नंबर नेहमी पहिला येतो त्यांनाच. मागची मुलं टाचा उंच करतात, मग कंटाळतात, मग एकमेकांना चिमटे काढतात. बाईंचा दोष नाही. तास ३५ मिनिटांचा, साहित्य एकाच संचाचं आणि अभ्यासक्रम डोक्यावर.

तुम्ही विकायची ती एवढीच गोष्ट: चाळीस मुलांच्या चाळीस जोडी हातांत एकाच वेळी साहित्य असेल. व्हिडिओ फुकट आहे, पण चाळीस चुंबकं, ऐंशी सेफ्टी पिना, कापून ठेवलेली चाळीस मीटर तार आणि अडलं की शेजारी बसणारा माणूस फुकट मिळत नाही. ते जमवायला शिक्षकांना वेळ नाही. त्या जमवाजमवीचे आणि त्या माणसाचे पैसे शाळा देते.

हे पक्कं झालं की बाकीचे निर्णय सोपे होतात. किट एकेका मुलाला द्यायचं की पाच जणांत एक? एकेकालाच, फार तर दोघांत एक. पाच जणांत एक दिलंत तर काय होतं ते कुठल्याही शाळेत जाऊन बघा. एक पोरगा स्क्रू ड्रायव्हर पकडतो तो सोडतच नाही, आणि गटातल्या मुलींकडे वही देऊन 'तू लिही' म्हणतात. ती मुलगी संध्याकाळी घरी जाऊन आईला काय सांगणार? 'छान होतं.' बास. त्या घरातून पुढच्या वर्षी आग्रह होणार नाही.

प्रयोग किती ठेवायचे? नवीन माणूस हमखास बारा ठेवतो, कारण पत्रकात बारा आकडा भारी दिसतो. माझं मत विचाराल तर दिवसाला चार पुरेत. पहिला पाच मिनिटांत होणारा हवा, म्हणजे बसमधून उतरलेलं मूल लगेच कामाला लागतं. दुसरा आणि तिसरा हवेचा, पाण्याचा किंवा प्रकाशाचा घ्या, फुग्यावर चालणारी गाडी, पेरिस्कोप असं काहीतरी. एकच मोठा घ्या, ज्यात मूल अडेल. आणि स्ट्रॉची पिपाणी करणार असाल तर ती बसमध्ये चढायच्या अगदी आधी. चाळीस पिपाण्या एकदा वाजायला लागल्या की त्यानंतर तुमचं कोणी ऐकत नाही. ड्रायव्हरकाकांची माफी आधीच मागून ठेवा.

मोटार फिरत नाही, तेव्हाची पाच मिनिटं

मोठा प्रयोग म्हणून मी विजेची साधी मोटार सुचवतो. एक टॉर्चचा जाड सेल, दोन सेफ्टी पिना, एक गोल चुंबक, सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी आणि साधारण मीटरभर तांब्याची तार. तार ती, ज्यावर वार्निशसारखा इनॅमलचा थर असतो. पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या दुकानात ती वजनावर मिळते. चुंबक आणि सेल घाऊक घ्यायला पुण्यात पासोड्या विठोबाचा भाग, मुंबईत लॅमिंग्टन रोड. ट्यूबची पट्टी पंक्चरवाल्याकडे, बहुतेक वेळा चहाच्या बदल्यात.

सेलच्या दोन टोकांना पिना उभ्या करून ट्यूबच्या पट्टीने आवळायच्या. सेलच्या पाठीवर चुंबक. तारेची गुंडाळी करून तिची दोन टोकं पिनांच्या भोकांत अडकवायची. आता खरी गंमत टोकांवर आहे. एका टोकावरचं इनॅमल सगळ्या बाजूंनी खरवडायचं आणि दुसऱ्या टोकावरचं फक्त अर्ध्या बाजूचं. कारण गुंडाळीत वीज सतत चालू राहिली तर चुंबक तिला अर्धा फेरा पुढे ढकलतो आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात मागे ओढतो. गुंडाळी नुसती डुलत राहते. अर्ध्या बाजूचं इनॅमल तसंच ठेवलं की नेमका मागे ओढायच्या वेळी प्रवाह तुटतो, गुंडाळी आपल्या वेगात पुढे जाते, आणि परत ढकला मिळतो.

पहिल्या झटक्यात चाळीसपैकी निम्म्या मोटारी फिरल्या तरी नशीब समजा. उरलेल्या मुलांचे चेहरे बघा. शेजारच्याची भुर्रकन फिरतेय आणि आपली नाही. काही मुलं लगेच साहित्य बाजूला सारतात, 'मला नाही जमत' म्हणून मोकळी होतात. ही वाक्यं त्यांना आधीपासून पाठ असतात, कुणीतरी शिकवलेली असतात.

या पाच मिनिटांत तुमचा मदतनीस काय करतो यावर तुमचा धंदा उभा आहे. अननुभवी पोरगा येतो, मुलाच्या हातातली गुंडाळी घेतो, दोन सेकंदांत नीट करतो, फिरवून देतो आणि पुढे जातो. मोटार फिरली, पण ती त्या मदतनिसाची. मूल हसतं खरं, पण घरी ती बंद पडली की त्याला काही करता येत नाही. तयार मदतनीस हात मागे बांधून विचारतो: 'तार कुठे चमकतेय, दाखव बघू.' मूल बघतं, एक टोक अजून तपकिरीच आहे. परत खरवडतं. मग 'गुंडाळी एका बाजूला झुकतेय का? बोटाने हलका धक्का दिलास का?' आणि ती फिरते. त्या क्षणी मागे उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका बघत असतात. वर्षभर गप्प बसणारं पोर उड्या मारताना त्यांनी पाहिलं की पुढच्या वर्षीची बुकिंग तिथेच होते. तुमचं पत्रक त्या कधी काढूनही बघत नाहीत.

मदतनीस दहा मुलांमागे एक. ते विज्ञानाचे पदवीधरच हवेत असं नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये 'एक्सप्लोरेटोरियम' नावाचं हाताळायचं विज्ञान संग्रहालय काढलं, तिथे पाहुण्यांना समजावून सांगायला हायस्कूलची मुलं ठेवली. ते आजही चालतं. तुमच्या गावातल्या अकरावी-बारावीच्या किंवा आयटीआयच्या मुलांना तीन रविवार तयारी करून घ्या, आणि रोजचा मेहनताना द्या. 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट राबवू नका. आपल्याकडे याची परंपरा आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेतीची कामं करत शिकतात, आणि गावाला खरी सेवा देत शिकतात. तुम्ही हा व्यवसाय करणार असाल तर एकदा पाबळ बघून या. मी सांगण्यापेक्षा ते बघणं बरं.

आता हिशेब

पुढचे दर मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावाचे दर टाकून परत मांडा. ८० मुलं, बसचा खर्च शाळेचा, दर माणशी २५० रुपये. जमा २०,०००.

खर्च बघा. साहित्य मुलामागे ६० रुपये, म्हणजे ४,८०० आणि वर दहा टक्के तुटफूट धरून ५,२८०. जेवण ८० मुलं, ५ शिक्षक, ८ मदतनीस आणि तुमच्या घरचे दोघं मिळून ९५ ताटं, ७० रुपयांनी ६,६५०. मदतनीस ८, प्रत्येकी ५००, झाले ४,०००. टेम्पो, साफसफाई, छपाई, किरकोळ २,०००. एकूण १७,९३०. हातात राहिले २,०७०.

खूश होऊ नका. तुम्ही आदल्या दिवशी तार कापत बसलात, तो दिवस धरला का? शाळेत तीन फेऱ्या मारल्या, ते पेट्रोल?

आणि आता सकाळी बसमधून ८० ऐवजी ६२ मुलं उतरली तर? हे होतंच. ताप, लग्न, ऐनवेळी फी न भरणं. जमा १५,५००. साहित्य थोडं वाचलं, ४,०९२ लागलं. पण ताटं सांगून झाली, मदतनीस आले, टेम्पो आला. खर्च १६,७४२. म्हणजे दिवसभर राबून १,२४२ रुपये खिशातून गेले.

यावर दोन गोष्टी करा. कोटेशनमध्येच 'किमान ७० मुलांचे पैसे आकारले जातील' ही ओळ घाला. आणि जेवण काढून टाका. मुलांना डबा आणायला सांगा. ताटांचे ६,६५० गेले की खर्च ११,२८० वर येतो. दर २०० केलात तरी ८० मुलांवर ४,७२० उरतात, त्यातून तुमच्या माणसांचा वडापाव-चहा निघतो. शाळेला दर कमी दिसतो, आणि ऐंशी मुलांच्या पोटाची जबाबदारी तुमच्या डोक्यावर राहत नाही. झाडाखाली बसून डबे वाटून खाणं हा तर सहलीचा सगळ्यात आवडता भाग असतो.

वाचवायचं कुठे नाही, तेही सांगतो. सेल परत काढून घेऊ नका. मूल मोटार घरी नेतं, ती घरी फिरली पाहिजे. आई-वडील, आजी, शेजारची पोरं यांच्यासमोर ती फिरते ती तुमची जाहिरात. मात्र सोबत एक चिठ्ठी द्या: 'खेळून झालं की गुंडाळी काढून ठेव.' गुंडाळी अडकून थांबली की सेल आणि तार दोन्ही तापतात आणि सेल लवकर संपतो.

पैशाची वसुली हा वेगळाच विषय. आमच्या एका बॅचमधल्या ताईंचं एका शाळेकडचं बिल 'ट्रस्टींची सही राहिलीय' म्हणत तीन महिने लटकलं. निम्मे पैसे तारीख पक्की करताना, उरलेले त्याच दिवशी बस निघायच्या आत, असं लेखी ठरवा. सहल प्रमुख असलेल्या सरांशी बोला, पण सही मुख्याध्यापकांची घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. एजंट पैसे मागत असेल तर उठून या. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असा कायदा आहे. तो शाळेशी भांडायला वापरू नका, पण कोटेशनच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असू द्या.

दुसऱ्यांची मुलं आहेत

इथे मी कडक बोलणार आहे. एक दुर्घटना झाली तर धंदा तर जाईलच, पण ते त्यातलं सगळ्यात लहान नुकसान असेल.

काचेची भांडी नकोत. आम्ल नको, मेणबत्तीवरचे प्रयोग नकोत, लेझर नको. चकचकीत, बारीक, खूप ताकदीची निओडिमियम चुंबकं अजिबात नकोत. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनची वेळ येते. साधी, काळी, मोठी फेराइट चुंबकं घ्या, जी तोंडात मावत नाहीत. सूर्याकडे थेट बघायला लावणारा कोणताही प्रयोग नको. छोट्या भोकातून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून दाखवा, ती जास्त मजेदार असते.

मुलींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर ती जागा कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. विहीर, शेततळं, उघडी डीपी जवळ असेल तरीही सोडा. मुलांची यादी शाळेच्या सहीची घ्या, पालकांची संमतीपत्रं शाळेकडे आहेत हे लेखी घ्या, आणि डोकी तीन वेळा मोजा: उतरताना, जेवताना, चढताना. आणि मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय तुमच्या पेजवर टाकू नका. चेहऱ्यांची गरजही नसते. चाळीस हात आणि चाळीस फिरणाऱ्या मोटारी, याहून चांगला फोटो कुठला?

तारखांचंही बघा. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. सगळ्या शाळांना तोच दिवस हवा असतो, आणि तो वर्षातून एकदाच येतो. तुम्ही 'विज्ञान पंधरवडा' विका. सहलींचा खरा हंगाम दिवाळीनंतर ते जानेवारी. बोलणी मात्र जून-जुलैत सुरू करा. तेव्हा मुलांना फुकट प्रयोग दाखवत फिरण्यापेक्षा शाळेतल्या आठ शिक्षकांना पाऊण तास बसवा आणि त्यांच्याकडून मोटार करून घ्या. पन्नाशीच्या सरांची मोटार फिरल्यावर ते काय करतात, हे मी इथे सांगत नाही, तुम्हीच बघा.

आता राहिल्या जिल्हा परिषदेच्या शाळा. २०० रुपये तिथल्या पालकाला जड आहेत, आणि या मुलांना हात लावायला मिळण्याची गरज जास्त. 'कंपनीचा सीएसआर मिळेल' असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सीएसआरचा प्रकल्प राबवणारी संस्था म्हणून नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी लागते, तुमची प्रोप्रायटरशिप चालत नाही. गावात काम करणारी अशी एखादी संस्था असेल तर तिच्यासाठी काम करून बिल द्या. ते जमेपर्यंत उलटं करा: मुलांना बोलावू नका, किट पेटीत भरून तुम्ही जा. बस नाही, हॉल नाही, टेम्पो नाही. तीस मुलं, तुम्ही आणि दोन मदतनीस, जुलै-ऑगस्टच्या रिकाम्या दिवसांत, साहित्याच्या खर्चात. मदतनिसांची तयारी तिथे होते, आणि कुठल्या पायरीवर मुलं अडतात ते तुम्हाला तिथे कळतं. हंगामात भरपूर पैसे भरून येणाऱ्या शाळेसमोर ते शिकत बसू नका.

या आठवड्याचं काम लिहून घ्या. दहा मोटारींचं साहित्य आणा. सोसायटीतली किंवा गल्लीतली दहा मुलं रविवारी सकाळी बसवा, त्यात निम्म्या मुली हव्यात. घड्याळ लावा. पहिली मोटार किती मिनिटांनी फिरली, दहावी किती मिनिटांनी, आणि तुम्ही कितीदा मुलाच्या हातातून गुंडाळी ओढून घेतलीत, हे तीन आकडे वहीत लिहा. शेवटचा आकडा शून्यावर येईपर्यंत पत्रक छापायला टाकू नका.